गिरणीचा पट्टा आणि रिकामी सम

शनिवार, रात्री अकरा

वागळे इस्टेटमधून आत्ताच घरी आले. गाळ्यातली लेथ मशिनं बंद झाली की संध्याकाळी ती जागा आमची होते. ऑइलच्या वासात दोन तास वाजवलं की केसांनाही तो वास लागतो. आंघोळ झाली, पण झोप येईलसं वाटत नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या चौघांचा कार्यक्रम आहे. सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम्स. पहिल्यांदाच सगळ्या रचना आमच्या स्वतःच्या. आयोजकांना प्रत्येक रचनेमागची प्रेरणा चार-चार ओळींत हवी आहे, आणि ते काम माझ्याकडे आलं. सॅक्सोफोनवाल्या काकांचं आणि बासवाल्या दादाचं लगेच लिहून झालं. काकांची चाल त्यांच्या गोव्यातल्या वाड्यावर क्रुसापुढे म्हणतात त्या लादाईनीतून आली आहे. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. ते सवाल-जबाब त्यांनी सॅक्सोफोन आणि पियानोत वाटून दिले. दादाची चाल ठाणे–वाशी लोकलची, रोज ऐरोलीला उतरेपर्यंत दारात उभं राहून ऐकलेली. अडकले मी माझ्या दोन रचनांवर. एक 'गिरणी', दुसरी 'रोहित', म्हणजे फ्लेमिंगो.

गिरणीचं लिहायला बसले आणि चार ओळींची दोन पानं झाली. लहानपणी चरईत आमच्या घराजवळ पिठाची गिरणी होती. शाळेतून आले की दळणाचा डबा माझ्याकडे. "आता कशावर चालू आहे?" असं विचारल्याशिवाय डबा ठेवायचा नाही, ही आईची ताकीद. बाजरीवर आमचे गहू दळले तर पोळ्या काळपट व्हायच्या. नंबर येईपर्यंत मी पट्ट्याकडे बघत बसायचे. मोटरपासून दगडापर्यंत जाणारा लांब पट्टा, आणि जिथे तो जोडलेला होता तो जोड चाकावरून गेला की 'फट्'. वरच्या पेटीतून दाणे खाली पडावेत म्हणून ती सारखी हलत असे, तिची खडखड वेगळीच. साधारण सात खडखडींत एक फट् यायचा. दोन्ही कधी पक्के जुळायचे नाहीत. जरा वेळाने फट् पुढे सरकायचा आणि मला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं.

सात म्हटल्यावर हाताला रूपक आला, सात मात्रांचा ताल. आई भजनी मंडळात पेटी वाजवते, मी तिच्याच मांडीशी बसून शिकले, त्यामुळे रूपक माझ्या बोटांत पियानोच्या कितीतरी आधीपासून आहे. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. या तालाची गंमत अशी की सम, म्हणजे पहिली मात्रा, खाली असते, रिकामी. बहुतेक तालांत समेवर टाळी पडते. रूपकात समेवर हात मोकळा जातो आणि टाळी पडते चौथ्या मात्रेवर. तबलजी पहिल्या तीन मात्रांत डग्गा घुमवत नाही. मी पट्ट्याचा फट् त्या चौथ्या मात्रेवर ठेवला आणि चाल एका बैठकीत झाली.

चाल झाली, पण ती वाजवताना तीन आठवडे आमचं जमत नव्हतं. जॅझमधल्या बासवाल्याला पहिल्या मात्रेवर पाय रोवायची सवय असते. दादा रोवायचा, आणि गिरणीचा मोर्चा व्हायचा. शेवटी ड्रमरला सुचलं. तो आठव्या वर्षापासून तबला शिकलेला. म्हणाला, डग्गा म्हणजे माझा बास ड्रम, तो पहिल्या तीन मात्रांत मी वाजवणारच नाही, दादा तूही थांब. दोघं थांबले. त्या तीन मात्रा हवेत राहिल्या आणि चौथीवर सगळं एकदम जमिनीला टेकलं. काकांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि नुसते हसले. त्या संध्याकाळी आम्ही ती चाल अकरा वेळा वाजवली.

बाहेर ऐकलेल्या ठेक्यातून रचना कशी होते, याचा विचार करताना मला जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक आठवतात. त्यांचा क्वार्टेट, म्हणजे चौघांचा संच, 1958 साली अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर निघाला होता. त्याच दौऱ्यात ते मुंबईलाही आले आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर ब्रूबेक वाजवायला बसले. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्यांना वादकांकडून नऊ मात्रांचा ठेका ऐकू आला: दोन, दोन, दोन, तीन. त्यातून 'ब्लू राँडो आ ला तुर्क' तयार झालं, 1959 च्या 'टाइम आउट' या रेकॉर्डमधलं पहिलंच. ती रचना मी मनातल्या मनात शेकडो वेळा मोजली आहे. मला तिच्यातली सगळ्यात प्रामाणिक जागा मधली वाटते. तिथे नऊ मात्रा बाजूला होतात आणि चार मात्रांचा साधा ब्लूज सुरू होतो. रस्त्यावर ऐकलेलं एकीकडे, स्वतःच्या घरचं दुसरीकडे, आणि दोन्ही आळीपाळीने येत राहतात. ब्रूबेक तुर्की झाल्याचा आव आणत नाहीत. माझ्याकडे रूपक घरचा आणि सॅक्सोफोन बाहेरून आलेला, म्हणजे दिशा उलटी, तरी त्या सांध्याकडून मी खूप शिकले.

जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांचं 'क्रेपस्क्यूल विथ नेली' तर मी कार्यक्रमात वाजवायला धजत नाही. 1957 साली बायको आजारी असताना त्यांनी ते लिहिलं. नेहमीसारखं चाल वाजवून मग प्रत्येकाने आपापलं वाजवायचं, असं त्यात नाही. जसं लिहिलं तसंच वाजवायचं, तेवढंच. तिच्यासाठी लिहिलेल्या सुरांवर त्यांनी कुणाला, स्वतःलासुद्धा, काही चढवू दिलं नाही. प्रेरणा म्हणतात ती अशी थेट रचनेच्या बांधणीत उतरलेली दिसते.

आणि इथेच मी 'रोहित'शी अडले.

खरं लिहायचं तर ती चाल पक्ष्यांची नाहीच. ती एका रात्री डाव्या हाताचा सराव करताना सापडली. नाव नंतर दिलं, कारण ठाण्याची खाडी, गुलाबी थवे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच चित्र उभं राहतं. 2015 पासून खाडी रोहितांसाठी अभयारण्य आहे, आपल्या गावाची ती ओळख झाली आहे, आणि मला ते नाव सुंदर वाटलं. मागच्या रविवारी ऐरोलीहून बोटीने खाडीत गेले तेव्हा पहिल्यांदा त्यांना जवळून नीट ऐकलं. ओहोटी होती. शेकडो पक्षी चोच उलटी करून चिखल गाळत होते आणि सारखा बदकांसारखा घोगरा कलकलाट चालला होता. माझी चाल तरंगणारी, लांब सुरांची. त्या कलकलाटातला, त्या चिखलातला एक सूरही तिच्यात नव्हता. परतीच्या रिक्षात मला फार वाईट वाटलं. त्या पक्ष्यांचं काहीच न ऐकता मी त्यांचं नाव घेतलं होतं.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी आपल्या क्वार्टेटबरोबर 18 नोव्हेंबर 1963 ला 'अलाबामा' वाजवलं. सप्टेंबरात अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या होत्या. नाव एका शब्दाचं. खाली सॅक्सोफोन जे बोलतो ते ऐकल्यावर ते नाव दुसऱ्या कशालाही देता येणार नाही. माझं नाव मात्र कशालाही चाललं असतं.

आज सगळ्यांना सांगून टाकलं. दादा म्हणाला, पोस्टरवर छापून झालंय. काका बराच वेळ रीड पुसत बसले आणि मग म्हणाले, "सूर खरो आसा गो बाय. नांव मागीर येता." म्हणजे नाव मागाहून येतं. तर ती चाल आता नुसती 'चौथी'. चार ओळींच्या जागी एकच लिहिली: 'ही सरावात सापडली.'

रविवार, दुपार

सकाळी आईला फोनवरचं 'गिरणी'चं रेकॉर्डिंग ऐकवलं. ती मेथी निवडत होती. पहिल्या दोन आवर्तनांत मान हलली, टाळी चौथीवर बरोबर पडली. मग निवडायची थांबली.

"रूपक छान धरलाय. पण तुमची गिरणी शेवटपर्यंत रिकामीच फिरतेय."

मला कळेना.

"अगं, दाणे नसले की ती अशी पळते. दाणे पडायला लागले की आवाज खाली बसतो, जड होतो. पट्टासुद्धा जरा दमतो. तू तर तासन्‌तास बसायचीस तिथे."

बसायचे. आणि हे पार विसरले होते. डबा पेटीत ओतला की सगळ्याचा सूर उतरायचा, आपलं दळण सुरू झालं हे मला न बघताही कळायचं.

दुपारी त्या जागेवरून जाऊन आले. इमारत पाडली आहे, भोवती निळे पत्रे. घरी येऊन ड्रमरला फोन केला. चालू रचनेत लय खाली आणायची म्हटल्यावर तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला बघू या मंगळवारी. कागदावर नवव्या आवर्तनाशी, जिथे दादाचा बास खालच्या सुरात येतो, तिथे पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: 'इथे दाणे.'