कोअरचं नाक बुजलं होतं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, पंपाच्या केसिंगला (बाहेरच्या कवचाला) ब्लोहोल, म्हणजे गॅसने होणाऱ्या पोकळ्या, येत होत्या. मशीनवर दुसरा कट घेतला की पृष्ठभागाखालची गुळगुळीत भोकं उघडी पडायची. आठवडाभर वरून हुकूम सुटत राहिले: साच्याच्या वाळूचा ओलावा ३.८ वरून ३.२ टक्क्यांवर आणा, लोखंड ओतायचं तापमान १४०० अंशांच्या वर ठेवा. ब्लोहोल तसेच. उलट कोरड्या वाळूने मोल्डच्या (साच्याच्या) कडा ढासळायला लागल्या.

मंगळवारी नवे प्रॉडक्शन मॅनेजर थेट कोअर शॉपमध्ये आले, जिथं कोअर, म्हणजे नगात पोकळी ठेवणारे वाळूचे गाभे, बनतात. "मामा, तुम्हाला काय वाटतंय?"

कोअर बसवणाऱ्या मामांनी एक कोअर उचलून प्रिंटचं, म्हणजे कोअर साच्यात टेकतो त्या भागाचं, टोक पुढं केलं. "नाक बुजलंय बगा साहेब. अख्खा कोअर पेंटात बुडवताय. वारा जाणार कुठनं?"

व्हेंटचं ६ मिमीचं भोक कोअर वॉशने, म्हणजे त्याच पेंटाने, लिंपून गेलं होतं. कोअरमधलं रेझिन जळून होणारा गॅस तिथूनच बाहेर पडायचा असतो. वाट बंद झाली की तो धातूत घुसतो.

'आधी का नाही सांगितलं?' हा आमच्याकडचा ठरलेला प्रश्न मॅनेजरनी विचारलाच नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं: प्रयोग फसला की रिजेक्शन (वाया गेलेले नग) त्या कामगाराच्या नावावर चढतं आणि इन्सेंटिव्ह कापला जातो. त्यांनी विचारलं, "किती मोल्ड लागतील?" मामांना २० मोल्ड मिळाले, डिपिंग (कोअर पेंटात बुडवणं) थांबवायचा अधिकार मिळाला आणि रिजेक्शन ट्रायलच्या खात्यावर टाकायचं ठरलं.

प्रिंट सोडून ब्रशने पेंट केलं. व्हेंटसमोर मोल्डमध्ये ३ मिमीच्या सळईने आरपार भोक पाडलं. ओतताना प्रत्येक भोकाशी पेटती चिंधी धरली. १४ ठिकाणी ज्योत फुरफुरली, म्हणजे गॅस बाहेर पडत होता; ६ ठिकाणी काहीच नाही. ते मोल्ड फोडले तर प्रिंटच्या फटीतून लोखंड व्हेंटात शिरून गोठलेलं. एरवी ट्रायल इथेच बंद झाली असती. मामांनी प्रिंटभोवती सीलिंग कॉर्डचा (फट बुजवणाऱ्या दोरीचा) वेढा दिला आणि पुढच्या २० मोल्डला वीसच्या वीस ज्योती लागल्या. मशीनिंगमध्ये एकच नग रिजेक्ट झाला.

मॅनेजमेंटच्या संशोधक ग्रेचन स्प्रायट्झर यांनी १९९५ साली कामावरच्या सक्षमीकरणाची चार अंगं मांडली: कामाला अर्थ असणं, आपल्याला ते जमतं ही खात्री, स्वतः ठरवायची मुभा आणि आपल्या करण्याने फरक पडतो ही जाणीव. मामांकडे पहिली दोन पुरेपूर होती. उरलेली दोन त्या दिवशी मिळाली. भिंतीवरच्या सूचनापेटीने ती कधीच दिली नव्हती.

दुसऱ्या शिफ्टला मात्र नुसती लेखी सूचना गेली. तिसऱ्या दिवशी कॉर्ड संपली, तरी पोरांनी मोल्ड बंद केले, कारण काम थांबवायचा अधिकार त्यांना कुणी दिलाच नव्हता. ब्लोहोल परत आले. मग तो अधिकारही दिला. ब्रशने पेंट करायला फार वेळ जातोय म्हणून आठवड्यात त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून, एक टोक बांधून टोप्या केल्या. प्रिंटला टोपी घाला, कोअर बुडवा, टोपी काढा. टोपी पहिल्यांदा कुणाला सुचली, यावर दोन्ही शिफ्टांत अजून वाद चालू आहे.