रोबिशोच्या गावात एक दिवस

ह्यूस्टनहून सकाळी सहाला निघालो आणि दहाच्या सुमारास लुइझियाना राज्यातल्या न्यू आयबेरियात पोहोचलो. अमेरिकन कादंबरीकार जेम्स ली बर्क यांचा नायक डेव्ह रोबिशो, त्याचं हे गाव. लाफायेटपर्यंत आय-१० महामार्ग, तिथून यूएस-९० ने दक्षिणेकडे. लाफायेट मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. नोव्हेंबर, म्हणजे ऐन गळीत हंगाम. एका शिवारात पाचट पेटवलं होतं. मी साताऱ्याकडचा; तो वास आला तशी काच खाली केली. जेम्स ली बर्क यांच्या कादंबऱ्यांत हाच धूर कितीदा वाचला होता! या दिवसांत उसाचे ट्रेलर रस्त्यावर असतात, वेळ हाताशी ठेवून निघा.

बर्क यांचा जन्म ह्यूस्टनचाच, १९३६ चा. पहिली कादंबरी १९६५ मध्ये आली. पुढे एक हस्तलिखित नऊ वर्षांत १११ वेळा नाकारलं गेलं. तेलाच्या धंद्यात, समाजसेवक म्हणून, शिक्षक म्हणून नोकऱ्या करत माणूस लिहीत राहिला. शेवटी १९८६ मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रकाशनाने ती कादंबरी छापली आणि तिला पुलित्झरचं नामांकन मिळालं. दुसऱ्या वर्षी पोलीस अधिकारी डेव्ह रोबिशो अवतरला, तेव्हा बर्क पन्नाशीला आले होते. १९९० आणि १९९८ मध्ये रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार, आणि तिसरा थेट २०२४ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी! मला पुरस्कारांपेक्षा ती नऊ वर्षं मोठी वाटतात.

गाडी मेन स्ट्रीटला लावून पायीच फिरा. ‘शॅडोज-ऑन-द-टेश’ हा वाडा ऊसमळेवाल्या वीक्स कुटुंबाने १८३०च्या दशकात गुलामांच्या कष्टावर उभारला. आधी वेळा बघून जा. पुढच्या कादंबऱ्यांत रोबिशोचं घर याच रस्त्यावर आहे. गळाचं खाद्य विकणारं त्याचं दुकान मात्र शोधत बसू नका, ते कादंबरीतच आहे.

शाकाहारी असाल तर इथल्या राजमा-भाताच्या थाळीबद्दल विचारून घ्या, त्यात बहुधा सॉसेज असतं. गाडी नसेल तर ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीची सनसेट लिमिटेड गाडी ह्यूस्टनहून इथे येते, पण आठवड्यातून तीनच दिवस; परतीचा हिशेब आधी करा.

संध्याकाळ बायू टेश या गावातल्या संथ प्रवाहाच्या काठी काढा. पाणी इतकं संथ, की कुठल्या दिशेला वाहतंय हे मला तरंगत्या पानावरून कळलं. डासांचं मलम विसरू नका.