अवघड इंग्रजी शब्द आणि पाठ्यपुस्तकाचे पहिले पान

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. महाविद्यालयात गेल्यावर इंग्रजी वाचले की समजत असे. पण लिहायला बसले की शाळेतले तेच मोजके शब्द पुन्हा पुन्हा हाताशी येत. ही उणीव भरून काढायची म्हणून मी दोनशे पानी वही आणली, प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ मारली आणि डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ अशी रोज दहा शब्दांची भर घालू लागले. वर्षभरात वही भरली आणि शब्द पाठही झाले. पुढे त्यांतला एक शब्द मी मोठ्या विश्वासाने वापरला आणि ज्यांच्याविषयी मनात केवळ आदर होता, अशा एका शिक्षकांचा त्यातून अवमान झाला.

त्यांच्या निरोप समारंभासाठी इंग्रजीतून मानपत्र लिहायचे होते. कठीण विषय ते फार सोपा करून शिकवत, एवढेच मला सांगायचे होते. त्यासाठी ‘सिंपल’ हा शब्द फारच साधा वाटला, म्हणून मी ‘सिम्प्लिस्टिक’ लिहिले. वहीत त्यापुढे ‘सोपे, सुलभ’ असा अर्थ होता. प्रत्यक्षात तो शब्द दूषण देण्यासाठी वापरतात: मुळात गुंतागुंतीची असलेली गोष्ट कोणी इतकी सोपी करून मांडली, की तिच्यातले सत्यच हरवले, तर त्या मांडणीला तो लावतात. कार्यक्रम आटोपल्यावर सरांनी मला बाजूला बोलावले आणि अगदी शांतपणे विचारले, “हा शब्द तू कोणत्या वाक्यात वाचला होतास?” माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण माझ्या वहीत वाक्यच नव्हते.

त्या प्रश्नावर मी पुष्कळ दिवस विचार केला. मराठीत असली चूक माझ्या हातून कधी होत नव्हती. शेजारणीला आपण “जेवायला या” म्हणतो. पत्रिकेत मात्र ‘स्नेहभोजन’ छापतो. घरातले कोणी गेले तर फोनवर नातेवाइकांना “काका गेले” एवढेच सांगतो, वर्तमानपत्रात ‘निधन’ येते आणि जुन्या वळणाच्या पत्रात ‘देवाज्ञा झाली’ असे असते. या सगळ्यांचा अर्थ एकच आहे. पण त्यांची ठिकाणे वेगळी आहेत आणि ती ठिकाणे आपल्याला कोणी यादी करून शिकवलेली नसतात. इंग्रजीचे औपचारिक आणि वाङ्मयीन शब्द शिकताना हा मराठीत तयार झालेला कान आपण बाजूला ठेवतो आणि शब्दाचा फक्त अर्थ घेऊन निघतो, हेच आपले चुकते, असे माझे ठाम मत आहे.

इंग्रजीची घडणही या बाबतीत आपल्याला परकी वाटण्यासारखी नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच वळणाची झाली, आणि पंडितांची भाषा लॅटिन होतीच. म्हणून विचारण्यासाठी घरगुती ‘आस्क’ आहे, त्याच्या वर फ्रेंचमधून आलेला ‘क्वेश्चन’ आहे आणि त्याहून करडा, लॅटिनमधला ‘इंटरॉगेट’ आहे. आपल्याकडे पुसणे, विचारणे आणि पृच्छा करणे अशी चढण आहेच, आणि राज्यकारभारातून आलेले अर्ज, फिर्याद, वकील हे फारसी-अरबी शब्दही आपण रोज वापरतो. शब्द कोणत्या दारातून भाषेत आला हे कळले, की तो कुठे शोभेल याचा अंदाज येऊ लागतो.

मूळ शोधताना कधी कधी तर शब्द आपल्या शेतातच सापडतो. बैलांच्या मानेवरच्या ‘जू’ या शब्दाचे मूळ संस्कृतातले ‘युग’ आहे, लॅटिनमध्ये त्याचाच भाऊ ‘युगुम’ आहे आणि इंग्रजीतला ‘योक’ही त्याच कुळातला. ‘सब्जुगेट’ म्हणजे जिंकलेल्यांना अक्षरशः जुवाखाली आणणे, आणि ‘कॉन्जुगल’ म्हणजे एकाच जुवाला जोडलेल्या दोघांचे, अर्थात दांपत्याचे. माझे आजोबा शेतकरी होते, आणि गाडी जुंपताना आधी एका बैलाच्या व मग दुसऱ्याच्या मानेवर ते जू कसे अलगद टेकवत हे मी पाहिलेले आहे. त्यामुळे हे दोन शब्द मला पुन्हा पाठ करावे लागले नाहीत. अर्थात मुळावर सर्वस्वी विसंबता येत नाही. ‘सिनिस्टर’ हा शब्द लॅटिनमध्ये मुळात ‘डावा’ असा होता. आजच्या इंग्रजीत तो अशुभ, कपटी असा आहे आणि डाव्या हाताशी त्याचा काही संबंध उरलेला नाही.

उत्तम औपचारिक इंग्रजीचा माझ्या हाती लागलेला सर्वांत मोठा साठा मात्र मुळांच्या कोशात नव्हता. तो बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर होता. मराठीच्या पुस्तकात संविधानाची उद्देशिका मराठीत आणि इंग्रजीच्या पुस्तकात तीच इंग्रजीत छापलेली असते. पण ही दोन पाने शेजारी ठेवून वाचायला मला कोणी सांगितले नव्हते. एका सुट्टीत, धाकट्या बहिणीची पुस्तके आवरताना, मी ती तशी ठेवली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

इंग्रजीत ‘सॉलेम्नली रिझॉल्व्ह्ड’ आहे, मराठीत ‘संकल्पपूर्वक निर्धार करून’. माझ्या वहीत ‘सॉलेम’पुढे ‘गंभीर’ लिहिले होते. परंतु आजारी माणसाची प्रकृती गंभीर असते तो गांभीर्याचा प्रकार निराळा, आणि पूजेला बसल्यावर हातात पाणी घेऊन संकल्प सोडताना असते ते गांभीर्य निराळे. ‘सॉलेम’चा लॅटिन पूर्वज धर्मविधीच्या संदर्भातलाच आहे, आणि म्हणूनच १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात विवाह ‘सॉलेम्नाइझ’ होतो, म्हणजे विधिपूर्वक लागतो. भाषांतरकाराने ‘संकल्प’ हा एकच शब्द घालून ते सगळे मराठीत आणले आहे. त्याच पानावरचा ‘सिक्युअर’ हा शब्द मी तोवर केवळ ‘सुरक्षित’ या अर्थाने ओळखत होते. तिथे तो क्रियापद होऊन येतो आणि नागरिकांना न्याय, स्वातंत्र्य, समानता ‘प्राप्त करून देणे’ असे त्याचे काम आहे. ‘फ्रॅटर्निटी’साठी बंधुता आहे. साधा ‘ब्रदरहुड’ही चालला असता, आणि दोन्ही शब्द आपल्या ‘भ्रातृ’चेच नातलग आहेत, पण न्याय आणि स्वातंत्र्यासाठी निवडलेल्या भारदस्त लॅटिन शब्दांच्या पंक्तीत घरगुती ‘ब्रदरहुड’ अवघडून बसला असता. शेवटी ‘गिव्ह टू अवरसेल्व्हज’ येते. ‘गिव्ह’सारखा पहिलीच्या मुलाला येणारा शब्द एवढ्या मोठ्या वाक्याच्या टोकाला आला आहे, आणि मराठीत त्याच जागी ‘स्वतःप्रत अर्पण’ आहे. इंग्रजीने तिथे साधेपणा निवडला, मराठीने भारदस्तपणा. आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर मी नवी वही केली. तिच्यात उभी रेघ नाही. शब्द ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य, ते कोणी कोणत्या प्रसंगी लिहिले ही नोंद, आणि तशाच प्रसंगी मराठीत आपण काय म्हणू ते, असे तीन भाग मी करते. शब्दाची सोबतही लिहून ठेवते. अरण्य किंवा अंधारच जसा ‘निबिड’ असतो, तसा ‘इन्क्लेमंट’ (म्हणजे खराब, वादळी) बहुधा हवेलाच लावतात आणि ‘अल्टिरिअर’ (म्हणजे छुपा) बहुतेक वेळा हेतूला. रोज दहा शब्द होत नाहीत. आठवड्याला चार-पाच झाले तरी पुष्कळ.

मागच्या महिन्यात घराचा भाडेकरार वाचताना ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ हे शब्द दिसले. ‘डिमाइस’ म्हणजे निधन, एवढेच मला ठाऊक होते, त्यामुळे मी थबकले. शोध घेतल्यावर कळले, की हा शब्द मुळात मालमत्तेच्या हस्तांतरणाचा आहे. राजाच्या मृत्यूने राज्य वारसाकडे जाते, त्यावरून त्याला मृत्यूचा अर्थ पुढे चिकटला. करारातला तो शब्द जुन्या अर्थानेच उभा होता: भाडेपट्ट्याने दिलेली जागा. वहीत मी करारातले पूर्ण वाक्य उतरवले, तारीख घातली आणि खाली मराठीत लिहिले, ‘पट्ट्याने दिलेली मिळकत’.