तुम्ही विचारलंत म्हणून: पाळणाघर बंद असलं की काय करता?

ऑफिसात नवी मुलगी रुजू झाली आणि तिच्या घरी लहान बाळ असलं, की आठवडाभरात ती चहाला थांबवून विचारतेच, "ताई, पाळणाघर बंद असलं तर तुम्ही काय करता?" मी नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात कामाला, नवरा बुटीबोरीला. लेक रांगत नव्हती तेव्हापासून मनीषनगरातल्या एका काकूंकडे असते. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो.

मुळात काकूंचं कॅलेंडर नागपूरचं आणि आमच्या ऑफिसचं बंगळुरूचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरतात, इकडे महाल भागात पिवळी आणि काळी मारबत, म्हणजे मिरवत नेले जाणारे मोठे पुतळे, बघायला ही गर्दी! ऑफिसच्या यादीत मात्र तो कामाचाच दिवस. महालक्ष्म्यांचे तर तीन दिवस जातात. काकूंच्या घरी सोळा भाज्या, आंबील, पुरण, अंगणापर्यंत पंगत. त्यात "आमचं लेकरू ठेवता का" म्हणायला जीभ रेटत नाही. (जेवायला मात्र आम्ही सगळे जातो.)

पण या सुट्ट्यांचं मला काही वाटत नाही, त्या आधी कळतात. पाळणाघरातल्या आम्ही चार घरांनी जानेवारीतच कालनिर्णय समोर ठेवून पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्याच्या घरी सगळी पोरं. पैशांचा व्यवहार नाही, डबा मात्र प्रत्येकानं आपापला द्यायचा. कारण एकाला अंडं चालतं, एकाला नाही, आणि त्यावरून मोठ्या माणसांतच वाजतं.

खरी पंचाईत न सांगता येणाऱ्या सुट्टीची. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, शाळा बंद म्हणून मोठी पोरंही काकूंकडेच, आणि नेमका तेव्हा कूलरचा पंप जळतो. वाळा कोरडा, आत नुसती गरम हवा. अशा खोलीत तान्ही पोरं कशी ठेवणार? काकूंचा फोन येतो, "आज घेऊन जा जी." पावसाळ्यात वेगळंच. सप्टेंबर 2023 मध्ये रात्रीतून अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हापासून जोराचा पाऊस झाला की सगळे धास्तावतात. कलेक्टरची सुट्टी शाळांना असते. पाळणाघराचं काकू दारातलं पाणी बघून ठरवतात.

म्हणून माझं एकच सांगणं असतं: आपल्या रजा सणांवर उधळू नका, या दिवसांसाठी राखा. आणि त्या नवरा-बायको दोघांच्या मिळून धरा. पाळणाघराचा फोन आईलाच येतो, म्हणून आम्ही काकूंना सांगून पहिला नंबर नवऱ्याचा लिहून ठेवलाय. सुरुवातीला त्या बिचकायच्या. "साहेबांना कशाला त्रास?" आता बिनधास्त लावतात.

सासूबाईंना का बोलवत नाही, हेही विचारतात. त्या यवतमाळला असतात, गुडघे दुखतात. सकाळी सातला फोन करून दुपारपर्यंत एसटीनं या म्हणणं मला पटत नाही. नातीचे लाड करायला त्या येतातच की.

एचआरला एक विचारून ठेवा. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाऊ द्यावं, हे 2017 पासून कायद्यात आहे. आमच्याकडे ती सोय शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका पाळणाघरात आहे. चारदा जायचं तर दिवस रस्त्यातच जाईल. राज्य सरकारच्या नोकरीतल्या माझ्या बहिणीला 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, तिचा हेवा मी उघडपणे करते.

यंदा मारबतीची पाळी आमच्याकडे आहे. नवरा घरी थांबणार, आणि चारही नंद्यांची चाकं तोच बसवून देणार म्हणतो.