‘किरकोळ भांडण’ लिहून मोकळं होऊ नका

२९ जानेवारी २०१४. अरुणाचलचा निडो तानिया, जेमतेम वीसचा मुलगा, दिल्लीत लाजपत नगरमध्ये पत्ता विचारायला एका दुकानापाशी थांबला. तिथे त्याच्या केसांवरून आणि दिसण्यावरून टिंगल सुरू झाली, तो चिडला, त्याने काच फोडली, आणि मग त्याला बेदम मारलं. पोलीस आले, प्रकरण आपसात मिटवलं गेलं. दुसऱ्या दिवशी तो जिवानिशी गेला.

हे ‘आपसात मिटवलं’ मला आजही छळतं. त्या क्षणी पोलिसांना तिथे एक फुटलेली काच आणि तिची भरपाई दिसली, एका पोराला त्याच्या चेहऱ्यामुळे घेरलंय हे दिसलंच नाही, किंवा दिसूनही लिहावंसं वाटलं नाही.

त्यानंतर सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने त्याच वर्षी जुलैमध्ये रिपोर्टही दिला. मागणी स्पष्ट होती, भारतीय दंड संहितेत १५३सी आणि ५०९ए अशी दोन नवी कलमं घाला, म्हणजे वंशावरून केलेला हल्ला किंवा अपमान हा स्वतंत्र गुन्हा होईल. ती कलमं काही आली नाहीत. मग १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली आणि न्याय संहिता आली, म्हणजे अख्खा कायदा नव्याने लिहायला घेतला होता तेव्हासुद्धा हे राहूनच गेलं. आता १०३(२) मध्ये पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप आहे, गंभीर दुखापतीसाठीही तसं पोटकलम आहे, चांगलंच आहे. पण दोघांनी मारलं तर? बसस्टॉपवर कुणी तोंडावर थुंकलं तर? तिथे मग साधी मारहाण, साधी शिवीगाळ. ॲट्रॉसिटी कायदा आहे की, असं कुणी म्हणेल, पण तो अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे, मणिपूरचे मैतेई त्या यादीत नाहीत आणि मारणारा काही जातीचा दाखला बघून मारत नाही.

आणि हे सगळं दिल्लीतच होतं असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. ऑगस्ट २०१२ आठवतंय का? आसाममधल्या हिंसाचारानंतर पुण्यात ईशान्येकडच्या मुलांवर हल्ले झाले, मग मोबाईलवर अफवांचा पूर आला आणि पुणे, बंगळुरूहून हजारो लोक मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले, सरकारला एका दिवसात पाचपेक्षा जास्त एसेमेस एकगठ्ठा पाठवायला बंदी घालावी लागली होती. ज्या शहराला आपण विद्येचं माहेरघर म्हणतो तिथून शिकायला आलेली पोरं जीव मुठीत धरून पळत होती हो. नंतर २०२० मध्ये करोना आला आणि माझ्या ऑफिसमधल्या मिझोरामच्या मैत्रिणीला तिच्याच सोसायटीत लिफ्टमधून उतरायला सांगितलं, ती कित्येक वर्षं इथे राहते, मराठी समजते तिला, म्हणून तर मागून काय बोलले तेही कळलं. तिने तक्रार नाही केली. म्हणाली, लिहून काय घेणार ते? माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. त्याच मार्चमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं होतं, की ईशान्येतल्या लोकांना करोनावरून त्रास देणाऱ्यांवर कारवाई करा, पण ते पत्र चौकीतल्या ठाणे अंमलदारापर्यंत पोचतं का हो?

डिसेंबर २०२५ मध्ये डेहराडूनला त्रिपुराचा एक विद्यार्थी हल्ल्यानंतर दवाखान्यात वारला. घरचे सांगत होते, वंशावरून शिव्या दिल्या, त्याने विरोध केला म्हणून मारलं. पोलीस म्हणाले, तसा पुरावा दिसत नाही. नेमकं काय ते कोर्ट ठरवेल, पण मला एवढंच विचारायचंय, पहिल्या दिवसापासून तो प्रश्न विचारलाच जात नसेल तर पुरावा सापडणार कुठून? काय शिवी दिली, कुणी ऐकली, व्हिडिओ कुणाकडे आहे, हे पहिल्या काही तासांतच गोळा करावं लागतं. नंतर साक्षीदार पांगतात, सीसीटीव्हीचं फुटेज पुसलं जातं.

म्हणून केंद्र सरकारला माझं कळकळीचं सांगणं आहे, बेझबरुआ समितीची ती दोन कलमं न्याय संहितेत घाला, सुप्रीम कोर्टानेही २०१६ मध्ये या विषयावर देखरेख समिती नेमायला सांगितलं होतं, अजून किती वाट बघायची. आणि आपल्या राज्याच्या गृहखात्याला सांगणं असं, की कायदा येईपर्यंत हात बांधलेले नाहीत तुमचे. दिल्ली पोलिसांनी ईशान्येतल्या लोकांसाठी वेगळं पथक आणि १०९३ हेल्पलाइन सुरू केली, तसं काम पुण्या-मुंबईत दिसू दे, जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर प्रत्येक कॉलेजच्या, हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर लागू दे. फिर्याद घेताना दिलेली शिवी जशीच्या तशी लिहा, सभ्य शब्दांत गुंडाळू नका. भाषेची अडचण असेल तर दुभाषी बोलवा. आणि तक्रार करायला आलेल्या पोरीला पहिला प्रश्न ‘तू कुठल्या देशाची’ असा विचारणाऱ्या अंमलदाराकडे त्याच्या वरिष्ठांनी लेखी खुलासा मागावा.