संकष्टीनंतरची पौर्णिमा

एकादशीच्या दिवशी एखाद्याच्या घरी ऑम्लेट घेऊन जावं, तसा प्रकार मी इथे येऊन केला. 31 मार्च 2024, रविवार. जर्मनीहून आलेल्या मैत्रिणीने चॉकलेटचं एक भलंमोठं अंडं आणलं होतं. चंदेरी कागद, वर लाल फीत. म्हटलं, आज ईस्टर, तर खालच्या मजल्यावर घरमालकीण आजींना देऊन येऊ. इथे तिबिलिसीत, म्हणजे जॉर्जियाच्या राजधानीत, आजीला बेबिआ म्हणतात, त्यामुळे आमच्याही त्या बेबिआच. त्यांनी अंडं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, गोड हसल्या आणि फ्रिजच्या डोक्यावर नेऊन ठेवलं. त्यांची नात कॉलेजात आहे, तिला इंग्रजी येतं. ती हळूच म्हणाली, "आमचे उपवास चालू आहेत. दूध, अंडी, मांस, काहीच चालत नाही. ईस्टर 5 मेला."

पाच आठवड्यांनी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग उत्सुकता वाटायला लागली. मुंबईत असताना ईस्टरशी माझा संबंध गुड फ्रायडेच्या सुट्टीपुरता. वर्षाच्या सुरुवातीलाच कालनिर्णय उलटून ती शनिवार-रविवारला जोडून येते (येतेच, शुक्रवार असतो ना!) एवढं बघायचं, बास. नाताळ 25 डिसेंबरला ठरलेला आणि हा सण मात्र दरवर्षी हलतो, हे कधी खटकलं नाही. आपले सगळेच सण हलतात, त्यात काय!

तर ईस्टर हलतो तो चंद्रामुळे. येशूला क्रुसावर चढवलं ते ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या सुमारास, आणि तो सण ज्यू पंचांगातल्या पौर्णिमेचा. सुरुवातीच्या काळात कुणी त्याच तिथीला पाळायचे, कुणी त्यानंतरच्या रविवारी. शेवटी 325 साली निकायाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची परिषद भरली. तिथे ठरलं की सगळ्यांनी एकाच दिवशी पाळायचा आणि त्यासाठी ज्यूंच्या पंचांगावर अवलंबून राहायचं नाही. पुढे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या गणितींची पद्धत रुळली: वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस) 21 मार्चला धरायचा, त्यानंतरची (किंवा त्याच दिवशीची) पौर्णिमा बघायची आणि तिच्यानंतरच्या रविवारी ईस्टर. थोडक्यात, होळीची नाहीतर हनुमान जयंतीची पौर्णिमा, आणि पुढचा रविवार.

पश्चिमेकडच्या आणि इथल्या, दोन्ही चर्चचा नियम एकच. मग पाच आठवड्यांचा फरक कुठून आला? मी पंचांग काढून बसले.

25 मार्चला धुळवड होती. पश्चिमेकडच्या चर्चने ती पौर्णिमा धरली, पुढचा रविवार 31 मार्च. झालं. पण जॉर्जियाचं चर्च अजून ज्युलियन कॅलेंडर वापरतं. त्यात वर्ष 365.25 दिवसांचं धरलेलं, म्हणजे खऱ्यापेक्षा साधारण अकरा मिनिटं जास्त. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही वाटतं, पण शतकं गेली की दिवस साचतात. 1582 पर्यंत दहा दिवस साचले होते. पोप ग्रेगरी तेरावे यांनी ते सरळ कापून टाकले, 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर. पूर्वेकडच्या चर्चनी पोपचं का ऐकावं? आज ते अंतर तेरा दिवसांचं आहे. इथलं सरकार, बँका, शाळा सगळं आपल्यासारख्याच कॅलेंडरवर, पण चर्चचा 21 मार्च उगवतो तो आपल्या 3 एप्रिलला. म्हणजे आमची धुळवड त्यांच्या हिशेबाने 12 मार्चलाच पडली. संपाताच्या आधीची पौर्णिमा, ती बाद.

पुढची पौर्णिमा हनुमान जयंतीची, 23 एप्रिल. पुढचा रविवार 28. तरी 5 मे कसा?

इथे मी खरी अडकले. खूप वाचल्यावर कळलं की चर्च आकाशाकडे बघतच नाही. ते कोष्टक बघतं. एकोणीस सौर वर्षांत जवळजवळ बरोबर 235 चांद्रमास बसतात, म्हणजे बारा-बाराने 228 आणि वरचे सात. (हे सात आपल्या ओळखीचेच. आपल्याकडेही एकोणीस वर्षांत सात अधिकमास येतात.) त्या चक्रावर बांधलेलं कोष्टक पुन्हा पुन्हा फिरवायचं. पण "जवळजवळ" आलं की घोळ आलाच. तीनेकशे वर्षांत एक दिवस असं करत ते कोष्टक चंद्राच्या चार-पाच दिवस मागे पडलंय. त्याच्या मते 2024 मधली पौर्णिमा 28 एप्रिलला होती. तो नेमका रविवार, आणि सण पौर्णिमेनंतरच्या रविवारी हवा, म्हणून आणखी एक आठवडा पुढे. 5 मे.

त्या 28 एप्रिलच्या आदल्या दिवशी, 27 ला, संकष्टी होती. मी उशिरापर्यंत गॅलरीत चंद्राची वाट बघत उभी होते. उगवला तो चांगलाच झिजलेला. आणि खाली बेबिआंच्या चर्चच्या हिशेबाने पौर्णिमा अजून उद्या!

फोनवर आईला हे रंगवून सांगितलं आणि खूप हसले. आई शांतपणे म्हणाली, "हसतेस काय? रत्नागिरीच्या मावशीकडे गणपती कधी येतो?"

गप्प बसले. मावशीकडे टिळक पंचांग. एखाद्या वर्षी तिच्या घरी गणपती आपल्या आधी चांगला महिनाभर येतो, आणि लहानपणी आम्हाला त्याचा आनंदच व्हायचा, मोदक दोनदा. कारण शोधलं तर अगदी हेच निघालं. राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा यात दोन पंचांगांत साधारण चार अंशांचा फरक, त्यामुळे संक्रांतींचे दिवस वेगळे, त्यामुळे कधीकधी अधिक महिनाच वेगळा. आणि संक्रांतीचं म्हणाल तर सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला, आपण तीळगूळ वाटतो 14 जानेवारीला. बेबिआंचा नाताळ 7 जानेवारीला असतो याला मी आता काय म्हणून हसणार?

बरं, दोन्ही ईस्टर दरवर्षी लांब पडतात असंही नाही. 2025 मध्ये दोघांचाही 20 एप्रिललाच आला, 2028 मध्ये 16 एप्रिलला येईल.

2024 मध्ये इथला गुड फ्रायडे 3 मेला होता. इथे त्याला लाल शुक्रवार म्हणतात, कारण त्या दिवशी अंडी लाल रंगवतात. बाजारात एन्द्रो नावाच्या मुळ्यांच्या जुड्या विकायला येतात. ही आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली. कांद्याच्या सालींबरोबर ती मुळं उकळायची आणि त्या पाण्यात अंडी सोडायची. बेबिआंच्या ओट्यावर ते पातेलं रटरटत होतं आणि बाहेर आलेली अंडी विटेसारख्या तांबूस लाल रंगाची. शेजारी ताटलीत हिरवेगार गव्हाचे अंकुर, बोटभर उंच. याला जेजिली म्हणतात, काही दिवस आधी गहू पेरून ठेवायचे आणि त्या हिरवळीवर लाल अंडी मांडायची. फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "घट कुणी बसवले?"

रविवारी सकाळी खाली गेले. "क्रिस्ते अघ्सद्गा," बेबिआ म्हणाल्या, ख्रिस्त उठला. नातीने शिकवलेलं उत्तर मी दिलं, "चेश्मारिताद अघ्सद्गा," खरोखरच उठला. निदान तसंच काहीतरी माझ्या तोंडून निघालं असावं, कारण नात तोंडावर हात धरून हसत होती. मग अंड्यावर अंडं आपटायचा खेळ. ज्याचं फुटेल तो हरला. माझी दोन फुटली, नातीचं एक. बेबिआंचं शाबूत. मग त्यांना काहीतरी आठवलं, स्टूल ओढून फ्रिजवरचं माझं चंदेरी अंडं काढलं, कागद सोलला आणि आपलं लाल अंडं त्यावर टचकन आपटलं. चॉकलेटला मोठं भगदाड पडलं. बेबिआंनी आत डोकावून पाहिलं आणि नातीला काहीतरी विचारलं.

"विचारतेय," नात म्हणाली, "आतलं कुठे गेलं?"