व्लादीला फर्स्ट बेसवर टाकलं आणि मी त्याला विकून मोकळा झालो

जुलै 2020. लॉकडाऊन चालू, गोव्यात पेडण्याला पाऊस असा की कौलांतून तीन ठिकाणी गळतंय, लाइट जातेय येतेय, आणि मी मोबाइलवर बातमी वाचतोय की टोरांटोच्या बेसबॉल टीमचा व्लादिमिर गेरेरो ज्युनियर आता थर्ड बेस सोडून फर्स्ट बेसवर खेळणार, म्हणजे फील्डिंगची जागा बदलणार. डोकंच फिरलं माझं. न्यू जर्सीतल्या मावसभावाने, म्हणजे दादाने, मला त्यांच्या बारा जणांच्या फॅन्टसी बेसबॉलच्या डायनेस्टी लीगमध्ये ओढलं होतं (फॅन्टसी म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदावरची टीम, प्रत्येक जागेसाठी खेळाडू घ्यायचे आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर हारजीत; डायनेस्टी म्हणजे खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतो, दरवर्षी सगळं नव्याने उचलायचं नसतं) आणि त्यात व्लादी म्हणजे माझा जीव की प्राण. 2019 च्या सुरुवातीला बेसबॉलमधला एक नंबरचा प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू पोरगा, म्हणून त्याचा काय तो गाजावाजा, आणि पहिल्या वर्षी होमरन (आपल्या सिक्सरसारखे) मारले 15. त्यात आता फर्स्ट बेस! तिथे आधीच सगळे दांडगे ठोकणारे उभे असतात, त्यांच्यात 15 वाल्याला कोण विचारतंय? दोन दिवसांत मी त्याला एका शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) प्रॉस्पेक्टच्या बदल्यात देऊन टाकला. त्या शॉर्टस्टॉपचं नाव सांगत नाही, लाज वाटते.

पुढच्या वर्षी, 2021 ला, व्लादीने 48 होमरन मारले, अ‍ॅव्हरेज .311 (साधारण दहांत तीनदा हिट). दादा अजून दर ख्रिसमसला फोनवर पहिलं हेच काढतो.

आता गंमत बघा, त्याच वर्षी कॅन्सस सिटीच्या साल्वाडोर पेरेझनेसुद्धा बरोबर 48 च मारले. अ‍ॅव्हरेज कमी, .273. पण पेरेझ कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा. मुख्यतः कॅचर म्हणून खेळणाऱ्यांत जॉनी बेंचचे 45 होते, 1970 चे, ते त्याने मोडले. म्हणजे एवढे होमरन मारणारा कॅचर पन्नास वर्षांत दिसला नव्हता (मग 2025 ला कॅल रॅलीने 60 मारून सगळ्यांची तोंडं बंद केली ते वेगळं). फॅन्टसीत बारा टीमना बारा कॅचर लागतात आणि सातवा-आठवा कॅचर बघितला की रडू येतं, उलट बारावा फर्स्ट बेसवालासुद्धा बऱ्यापैकी मारतो. त्यामुळे पेरेझ ज्याच्याकडे त्याने त्या एका जागेवर बाकीच्यांना केवढं मागे टाकलं!

आमच्याकडे जत्रेला दशावतार असतो त्यांना हे समजवावं लागणार नाही. राजपार्टी, म्हणजे राजाचं काम, करणारे कंपनीला चार मिळतात. पण साडी नेसून उभा राहिला की पुढच्या रांगेतल्या आज्यासुद्धा टक लावून बघतील असा स्त्रीपार्टी एखादाच, आणि त्याच्या तारखांसाठी मॅनेजर मागे लागलेला असतो. तोच माणूस उद्या राजपार्टी करायला लागला तर गळा तोच, अभिनय तोच, पण भाव तो राहणार नाही, कारण आता तो चारांतला पाचवा.

बेसबॉलचा पाचवा राजा म्हणजे डॉल्टन वार्शो. 2022 ला अ‍ॅरिझोनात 27 होमरन, 16 स्टील (चोरून पळत पुढचा बेस गाठणं). जास्त वेळ आउटफिल्डमध्ये (मागे, सीमेच्या बाजूला), पण 31 सामने कॅचिंग केलं होतं, आणि आमच्या लीगचा नियम असा की आदल्या वर्षी त्या जागेवर 20 सामने खेळलेला हवा, त्यामुळे 2023 मध्ये तो कॅचरच्या खणात बसायचा. पळणारा कॅचर, अजून काय पाहिजे! पण डिसेंबर 2022 ला तो टोरांटोला गेला, टोरांटोने बदल्यात गॅब्रिएल मोरेनो हा कॅचरच दिला, आणि तरीही त्यांच्याकडे कर्क आणि जॅन्सन हे कॅचर होतेच, मग याला कोण मास्क घालायला देणार? 2023 ला होमरन 20, अ‍ॅव्हरेज .220, कॅचिंगचा एकही सामना नाही. 2024 च्या ड्राफ्टला (खेळाडू निवडायच्या दिवशी) तो नुसता आउटफिल्डर. आमच्याकडे पाच आउटफिल्डर लागतात, बारा टीमचे साठ, त्यात .220 वाला म्हणजे बाजारात शेवटी उरलेली मासळी. हा पण माझ्याकडेच होता, विचारू नका.

पण प्रॉस्पेक्टचं गणित वेगळं आहे आणि मला ते कळायला व्लादी घालवावा लागला. वर, म्हणजे मेजर लीगमध्ये, खेळणाऱ्याची पोझिशन गेली तर भाव उतरतो, बरोबर. पण जो अजून मायनर्समध्येच, म्हणजे खालच्या लीगमध्येच, आहे त्याच्यासाठी पहिला प्रश्न हा की वर येणार कधी. मूकी बेट्स सेकंड बेसवाला, आणि बोस्टनच्या सेकंड बेसवर डस्टिन पेड्रोया ठाण मांडून बसलेला. 2014 ला बेट्सला आउटफिल्ड शिकवली आणि जूनच्या शेवटी पोरगा बोस्टनमध्ये! ब्राइस हार्पर तर कॅचर होता. 2010 ला नव्या पोरांच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच नंबरवर घेतला आणि लगेच आउटफिल्डर करून टाकला, कारण कॅचिंग शिकायला वर्षं जातात, गुडघे जातात, आणि ही बॅट तेवढी थांबवून ठेवणार कोण. 19 व्या वर्षी वर आला, 2012 चा रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा).

त्यामुळे मी आता बदल का केला ते आधी बघतो. वर जागा अडलीय म्हणून हलवला असेल तर मी धरून ठेवतो. हात किंवा पाय कमी पडतात म्हणून शॉर्टस्टॉपवरून थर्ड, थर्डवरून लेफ्ट फील्ड (आउटफिल्डची डावी बाजू) असा एकेक पायरी उतरत असेल तर मग बॅटच बघायची, लेफ्ट फील्डमध्ये पोट भरेल एवढी आहे का? व्लादीची होती, मी बघितलीच नाही. मला फक्त ती फर्स्ट बेसची पाटी दिसली.

हे सगळं आज का आठवलं, तर पहाटे साडेचारला मॅच लावायला उठलो तर दादाचा मेसेज येऊन पडलेला, त्याच्याकडचा एक कॅचर प्रॉस्पेक्ट, ज्याला आता लेफ्ट फील्ड शिकवतायत, तो स्वस्तात देतोय म्हणे. दादा आणि स्वस्तात! बाहेर पोदेराचं (पाववाल्याचं) पों पों झालं, मी पोयी (गोव्याचा पाव) घेऊन आलो, चहा गार झाला, आणि मी अजून त्या पोराचे मायनर्समधले वॉक (न मारता मिळालेले बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) मोजत बसलोय. दादाला अजून काही कळवलं नाही.